दुबईहून गावाकडे पैसे पाठवण्याचं ॲप: साध्या माणसासाठी डिझाइन करताना

शारजात सुतारकाम करणाऱ्या मंडणगडच्या माणसाला पैसे पाठवताना तीन गोष्टी कळायला हव्या असतात. घरी किती रुपये मिळतील, कधी मिळतील, आणि मिळाले नाहीत तर कोणाला विचारायचं. त्याला परकीय चलनाचं शास्त्र शिकायचं नसतं आणि ॲपचं कौतुकही करायचं नसतं. नव्या टीम मात्र पहिले दोन महिने लोगो, रंग आणि स्वागताच्या स्क्रीनवर घालवतात. पैसे अडकतात ते खातेक्रमांकापाशी आणि रक्कम पाठवल्यानंतरच्या शांततेत. त्यामुळे या लेखात जास्त जागा त्या दोन ठिकाणांना दिली आहे.

इथे संयुक्त अरब अमिरातीहून महाराष्ट्रात, दिरहम ते रुपया, ही एकच वाट धरली आहे. तुम्ही सौदी, कतार किंवा ओमानसाठी काम करत असाल तर ओळखपत्र आणि मर्यादा बदलतील. पायऱ्यांचा क्रम हाच राहील.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- ज्यांच्याकडे परवाना आहे अशा भागीदाराशी करार, निदान बोलणी. अमिरातीत पैसे घेण्यासाठी तिथल्या मध्यवर्ती बँकेचा परवाना असलेलं एक्स्चेंज हाउस किंवा बँक लागते. भारतात पैसे वाटण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या चौकटीतली बँक लागते. परवान्याशिवाय ॲप छान बनवता येतं, चालवता येत नाही.
- भागीदाराची तांत्रिक कागदपत्रं. त्यातही व्यवहाराच्या स्थितींची आणि त्रुटींची पूर्ण यादी. ही मिळेपर्यंत एकही स्क्रीन पक्की करू नका.
- एक जुना, स्वस्त अँड्रॉइड फोन: २ किंवा ३ जीबी रॅम, कोपऱ्यातून काच तडकलेला असला तरी चालेल.
- आठ-दहा वेगवेगळ्या बँकांच्या पासबुकांच्या पहिल्या पानाचे फोटो, मालकाची परवानगी घेऊन आणि क्रमांक बदलून.
- कागद, पेन, फिग्मा किंवा तसं कुठलंही साधन.

पायरी १: पैशांची वाट आधी कागदावर काढा

परदेशातून भारतात घरखर्चासाठी पैसे येण्याच्या दोन चौकटी तुम्हाला भेटतील. पहिली रुपी ड्रॉइंग अरेंजमेंट. यात परदेशातलं एक्स्चेंज हाउस भारतातल्या बँकेशी जोडलेलं असतं आणि रक्कम खात्यात जमा होते. वैयक्तिक रकमेवर यात वरची मर्यादा नाही. दुसरी मनी ट्रान्सफर सर्व्हिस स्कीम. यात एका व्यवहाराला २,५०० अमेरिकी डॉलरची मर्यादा आहे, एका व्यक्तीला वर्षात जास्तीत जास्त ३० व्यवहार मिळू शकतात, आणि रोख फक्त ५०,००० रुपयांपर्यंत देता येते. त्यापुढची रक्कम चेकने किंवा खात्यातच द्यावी लागते. या योजनेतून घर किंवा जमीन खरेदीसाठी, गुंतवणुकीसाठी, देणगीसाठी किंवा एनआरई खात्यात (अनिवासी भारतीयाचं परदेशी कमाईचं खातं) पैसे पाठवता येत नाहीत.

डिझाइनशी याचा संबंध थेट आहे. भागीदार कोणत्या चौकटीत आहे त्यावर "रोख घ्या" हा पर्याय दाखवायचा की नाही हे ठरतं, आणि "पैसे कशासाठी?" या यादीत काय ठेवायचं हेही. ३१ वा व्यवहार नाकारला जाणार असेल तर ते पैसे भरल्यावर सांगणं हा अन्याय आहे. २७ व्या व्यवहारालाच सांगा.

कागदावर डावीकडून उजवीकडे चौकटी काढा: पगाराचं कार्ड किंवा बँक खातं, तुमचा अमिरातीतला भागीदार, भारतातली बँक, आयएमपीएस किंवा एनईएफटी (बँकेतून बँकेत पैसे पाठवण्याचे भारतातले दोन मार्ग), घरचं खातं. प्रत्येक चौकटीखाली तीन ओळी लिहा: इथे पैसे किती वेळ थांबू शकतात, इथून परत येऊ शकतात का, आणि परत आले हे आपल्याला कसं कळतं. तिसरी ओळ रिकामी राहिली तर भागीदाराला फोन लावा. ग्राहक नेमका त्याच ठिकाणी तुम्हाला फोन करणार आहे.

पायरी २: पहिल्या आवृत्तीत एकच काम

एक देश, एक चलन, बँक खात्यात जमा. बस. मोबाइल रिचार्ज, सोन्याचे भाव, रेफरल बोनस हे सगळं नंतर. होम स्क्रीनवर मागच्या वेळी ज्यांना पाठवले त्यांची नावं आणि "पैसे पाठवा" हे एक बटण पुरतं. दर महिन्याला त्याच एक-दोन खात्यांत पैसे जातात, त्यामुळे दुसऱ्या वेळेपासून सगळं काम तीन स्क्रीनमध्ये व्हायला हवं: रक्कम, खात्री, पावती.

पायरी ३: रकमेची स्क्रीन

वर "तुम्ही देणार" दिरहममध्ये, खाली "घरी मिळणार" रुपयांत. दोन्ही चौकटींत टाइप करता आलं पाहिजे. कधी हातात २,००० दिरहम असतात आणि तेवढे पाठवायचे असतात. कधी मुलीच्या कॉलेजची फी बरोबर ३०,००० रुपये असते. दुसऱ्या बाबतीत उलटा हिशोब करा आणि शेवटच्या दशांशातला फरक दिरहमच्या बाजूला टाका. भाव २२.८० असेल तर ३०,००० रुपयांना १,३१५.७९ दिरहम लागतात. घरी २९,९९९.८० रुपये पोचले तर फी भरण्याच्या खिडकीवर माणूस अडतो.

या दोन चौकटींखाली खर्च उघडा मांडा. खर्च दोन जागी असतो, आणि बहुतेक ॲप एकच दाखवतात. समजण्यासाठी आकडे घेऊ. बाजारातला भाव १ दिरहमला २३.०० रुपये, तुमचा भाव २२.८०, फी १५ दिरहम, त्यावर ५ टक्के व्हॅट म्हणजे ७५ फिल्स (०.७५ दिरहम). २,००० दिरहम पाठवणाऱ्याच्या खिशातून २,०१५.७५ जातात आणि घरी ४५,६०० रुपये पोचतात. बाजारभावाने ४६,००० झाले असते. म्हणजे फीचे १५.७५ आणि भावातले ४०० रुपये, सुमारे १७.३९ दिरहम, मिळून खरा खर्च ३३ दिरहमच्या वर जातो. आता शेजारच्या "शून्य फी" वाल्या ॲपचा भाव २२.६० असेल तर तेच २,०१५.७५ दिरहम घालून घरी ४५,५५५.९५ रुपये पोचतील, म्हणजे तुमच्यापेक्षा ४४ रुपये कमी. साध्या माणसाला टक्केवारी सांगू नका. एकच ओळ मोठ्या अक्षरात द्या: "तुमच्या खिशातून २,०१५.७५ दिरहम. घरी ४५,६०० रुपये." तुलना त्याची तो करेल. खोलीत सहा जण राहतात, सगळ्यांच्या फोनवर वेगळी ॲप असतात आणि ही तुलना दर पगाराला होते.

भावाबद्दल तीन गोष्टी.

दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. म्हणून दिरहमचा भाव हलतो तो रुपया-डॉलरमुळेच. याचा उपयोग चाचणीसाठी करा. डॉलर ८४.४७ रुपये असेल तर दिरहम ८४.४७ ÷ ३.६७२५, म्हणजे २३ च्या आसपास असायला हवा. तुमच्याकडे येणारा भाव या भागाकारापासून एक टक्क्याहून जास्त दूर गेला तर तो दाखवू नका, आधी तपासा. चुकीचा भाव दहा मिनिटं जरी झळकला तरी त्याचा स्क्रीनशॉट सगळ्या ग्रुपवर फिरतो.

भाव किती वेळ बांधलेला आहे ते घड्याळाची वेळ देऊन सांगा: "हा भाव दुपारी ३.४० पर्यंत." उलट मोजणारे सेकंद दाखवू नका. त्याने माणूस घाबरतो आणि चुका करतो.

काउंटरवर रोख भरण्याचा पर्याय असेल तर भाव पैसे भरण्याच्या क्षणी ठरणार की ॲपमध्ये मागणी नोंदवताना, हे त्याच स्क्रीनवर लिहा. सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात.

रकमेखाली अक्षरी आकडा छापा: "पंचेचाळीस हजार सहाशे रुपये." एक शून्य जास्त पडलं तर आकड्यात दिसत नाही, अक्षरात लगेच दिसतं. मराठीत एक ते शंभर हा प्रत्येक आकडा वेगळा शब्द आहे. त्यामुळे तयार लायब्ररीवर विसंबू नका, शंभरही शब्द डोळ्यांखालून घाला. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांची अदलाबदल झाली तर रक्कम दहा हजारांनी चुकीची वाचली जाईल.

पायरी ४: पैसे कोणाला? इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

एक गोष्ट डोक्यात पक्की करा. भारतात एनईएफटी किंवा आयएमपीएसने पैसे खातेक्रमांकावर जमा होतात, नाव जुळवून नाही. नाव बरोबर आणि एक आकडा चुकीचा असेल, आणि तो क्रमांक दुसऱ्या कोणाचा असेल, तर पैसे त्या दुसऱ्याकडे जातात. परत मिळवायला त्या माणसाची संमती लागते. म्हणून ही स्क्रीन भरून घेण्यापेक्षा तपासून घेण्यावर भर द्या.

खात्याची माहिती प्रत्यक्षात कशी येते ते बघा. गावाहून व्हॉट्सॲपवर पासबुकाचा फोटो येतो, थोडा तिरका, वर बोटाची सावली. मग तुमच्या ॲपने तोच फोटो घेतला पाहिजे. व्हॉट्सॲपमधून "शेअर" केल्यावर तुमचं ॲप यादीत दिसेल अशी सोय करा, फोटोतून क्रमांक वाचा आणि वाचलेला आकडा फोटोच्या त्या तुकड्याच्या अगदी खाली दाखवा. पासबुकं बऱ्याचदा ठिपक्यांच्या प्रिंटरने छापलेली असतात. ३ आणि ८, ० आणि ६ यांत गोंधळ होणारच, म्हणून माणसाने डोळ्यांनी ताडून पाहणं गरजेचं आहे. क्रमांक चार-चार आकड्यांच्या गटांत मांडा.

आता सापळे.

*ग्राहक क्रमांक आणि खातेक्रमांक.* स्टेट बँकेच्या पासबुकावर सीआयएफ (ग्राहक) क्रमांकही ११ आकडी असतो आणि खातेक्रमांकही ११ आकडी. लांबी तपासून हा घोटाळा पकडता येत नाही. फोटोत दोन्ही सापडले तर दोन्ही दाखवून "खातेक्रमांक कोणता?" असं विचारा.

*सुरुवातीची शून्यं.* बऱ्याच बँकांचे खातेक्रमांक शून्याने सुरू होतात. क्रमांक संख्या म्हणून साठवला की शून्य गळतं. तो नेहमी मजकूर म्हणून साठवा. भारतातल्या खातेक्रमांकांची लांबी ९ ते १८ आकड्यांपर्यंत बदलते, त्यामुळे सगळ्यांना एकच लांबीचा नियम लावू नका. बँक ओळखली गेल्यावर त्या बँकेचा नियम लावा.

*आयएफएससी.* हा बँकेच्या शाखेचा कोड. यात ११ अक्षरं असतात. पहिली चार बँकेची, पाचवं कायम शून्य, शेवटची सहा शाखेची. पाचव्या जागी लोक इंग्रजी "ओ" टाइप करतात. चूक दाखवत बसू नका, मुकाट्याने शून्य करा. त्याहून बरं म्हणजे कोड विचारूच नका. बँक निवडा, जिल्हा निवडा, शाखा निवडा. दापोलीच्या शाखेचं नाव माणसाला पाठ असतं, कोड नसतो.

*विलीन झालेल्या बँका.* २०१९ मध्ये देना आणि विजया बँक बँक ऑफ बडोदात गेल्या. २०२० मध्ये सिंडिकेट कॅनराकडे, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेकडे, अलाहाबाद इंडियन बँकेकडे, तर ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स आणि युनायटेड बँक पंजाब नॅशनलकडे गेल्या. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक मिळून एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली आहे. गावच्या कपाटात मात्र जुनंच पासबुक असतं आणि त्यावर जुना कोड असतो. जुनं नाव टाइप केलं तरी नवी बँक सापडली पाहिजे, सोबत एक ओळ: "ही बँक आता कॅनरा बँकेत आहे. नवा कोड आम्ही भरला आहे." शाखांची यादी महिन्यातून एकदा तरी ताजी करा.

*पतसंस्था.* महाराष्ट्रात हा सापळा खास आहे. नागरी सहकारी बँक आणि पतसंस्था यांची पासबुकं सारखीच दिसतात. घरच्यांच्या बोलण्यात दोन्ही "बँक"च असतात. पतसंस्थेला आयएफएससी नसतो, तिथे पैसे जात नाहीत. शोधात पतसंस्थेचं नाव आलं तर "सापडलं नाही" एवढंच म्हणू नका. कारण सांगा आणि राष्ट्रीयीकृत, सहकारी किंवा पोस्ट पेमेंट्स बँकेतलं खातं मागा.

*छोटी खाती.* पूर्ण केवायसी (ओळखीची कागदोपत्री पडताळणी) न करता उघडलेल्या "स्मॉल अकाउंट"मध्ये वर्षाला एकूण १ लाख रुपयांपर्यंतच जमा होऊ शकतं, आणि खातेदाराची ओळख पूर्ण पटल्याशिवाय परदेशातले पैसे त्यात जमा करता येत नाहीत. काही जनधन खाती अशी असतात. पहिल्याच वेळी विचारा: "हे खातं आधार-पॅन देऊन पूर्ण केवायसी केलेलं आहे का?" माहीत नसेल तर घरी फोन करायला सांगा. पाठवल्यानंतर आठवडाभराने परत आलेल्या रकमेपेक्षा हा एक फोन स्वस्त.

*स्वतःचंच खातं.* पाठवणारा आणि घेणारा यांचं नाव एकच असेल तर पुढचा प्रश्न विचारा: एनआरई, एनआरओ (अनिवासी भारतीयाचं भारतातल्या कमाईचं खातं), की साधं बचत खातं? अनिवासी झालेल्या माणसाने साधं बचत खातं तसंच ठेवणं फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) नियमांत बसत नाही. ते एनआरओ करून घ्यावं लागतं. हे सांगताना धमकीचा सूर नको, बँकेत काय मागायचं ते लिहून द्या.

नावासाठी एकच चौकट ठेवा: "पासबुकावर आहे तसं पूर्ण नाव." पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तुकडे पाडले की वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कुठे घालायचं यावर माणूस अडतो. लग्नानंतर बदललेलं नाव आणि पासबुकावरचं माहेरचं नाव हाही घोळ याने टळतो.

सगळं भरून झालं की खात्याची खातरजमा करा. भारतात खात्यात १ रुपया पाठवून खातेदाराचं नाव परत मिळवण्याची पद्धत रुळलेली आहे. भागीदार बँकेकडे ही किंवा नाव तपासण्याची दुसरी सोय आहे का ते करारातच लिहून घ्या. आलेलं नाव जुळलं तर हिरवी खूण लावा. थोडं वेगळं असेल तर दोन्ही नावं वर-खाली दाखवून माणसाला विचारा. अगदीच वेगळं असेल तर थांबवा.

पायरी ५: ओळखपत्र

एमिरेट्स आयडीच्या (अमिरातीतल्या रहिवाशाच्या ओळखपत्राच्या) दोन्ही बाजूंचा फोटो आणि एक सेल्फी. क्रमांक १५ आकडी असतो, ७८४ ने सुरू होतो आणि पुढचे चार आकडे जन्मवर्षाचे असतात. फोटोतून वाचलेली जन्मतारीख आणि हे चार आकडे जुळतात का ते ॲपनेच पाहावं. व्हिसाचं नूतनीकरण चालू असताना कार्डाची मुदत संपते, आणि नेमकं पगाराच्या दिवशी ॲप म्हणतं "कागदपत्र कालबाह्य". मुदत संपायच्या ३० दिवस आधी सांगा, मग १० दिवस आधी.

बांधकामावर काम करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. बोट लावून उघडणारं कुलूप त्यांच्यासाठी निकामी असतं. चार किंवा सहा आकडी पिन हा मुख्य मार्ग ठेवा, बोट ही जादा सोय.

प्रतिबंधित व्यक्तींच्या यादीशी नाव ताडून पाहणं कायद्याने बंधनकारक आहे. कोकणातल्या मुस्लिम ग्राहकांची नावं या यादीतल्या नावांशी वारंवार जुळतात, कारण ती नावं सर्वत्र आढळतात. ही गोष्ट डिझाइनमध्ये धरा. जन्मतारीख आणि जन्मगाव आधीच घेतलेलं असेल तर खोटी जुळणी लवकर सुटते. स्क्रीनवर "एक तपासणी बाकी आहे, तुमचे पैसे सुरक्षित आहेत, उद्या दुपारी २ पर्यंत कळवतो" एवढंच असावं. तपासणी कशाची, हे सांगायची तुम्हाला मुभा नसते, पण वेळ सांगायला कोणी अडवलेलं नाही.

पायरी ६: खात्रीची स्क्रीन आणि एकदाच जाणारे पैसे

कोणाला, कोणत्या बँकेत, खात्याचे शेवटचे चार आकडे, घरी मिळणारी रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, खिशातून जाणारी रक्कम, पोचण्याची वेळ. एवढं एकाच स्क्रीनवर, न सरकवता दिसलं पाहिजे. अटी-शर्तींचा दुवा खाली बारीक असू दे, पण रद्द करण्याचा नियम बारीक नको.

लेबर कॅम्पच्या वायफायवर एकाच वेळी शेकडो फोन असतात. बटण दाबलं, चक्र फिरत राहिलं, माणसाने पुन्हा दाबलं. दोनदा पैसे जातात ते असे. खात्रीची स्क्रीन उघडतानाच फोनवर एक खूण क्रमांक तयार करा आणि प्रत्येक विनंतीबरोबर तोच पाठवा. सर्व्हरने तो एकदा पाहिला की दुसरी विनंती नवा व्यवहार मानायची नाही. ॲप बंद करून उघडलं तरी तो क्रमांक टिकला पाहिजे. फक्त बटण राखाडी करून हे सुटत नाही.

दुसरी जागा सर्व्हरच्या बाजूला आहे. आयएमपीएसकडून वेळेत उत्तर आलं नाही म्हणजे व्यवहार फसला असं नाही. पैसे जमा झालेले असू शकतात. असा व्यवहार एनईएफटीने आपोआप पुन्हा पाठवला तर रक्कम दुप्पट जाते. पक्कं उत्तर येईपर्यंत थांबा.

रक्कम दशांश अपूर्णांकात साठवू नका. फिल्स आणि पैसे यांच्या पूर्णांकात साठवा. पुढे कुवेत, बहरीन किंवा ओमान जोडणार असाल तर आत्ताच लक्षात ठेवा: तिथे एका दिनारचे किंवा रियालचे १,००० भाग होतात, १०० नाही.

पायरी ७: वाट पाहण्याची स्क्रीन

"प्रक्रियेत आहे" ही दोन शब्दांची पाटी म्हणजे कस्टमर केअरला फोन करण्याचं आमंत्रण. पहिल्या पायरीतल्या चौकटी इथे पुन्हा वापरा: "तुमचे पैसे आमच्याकडे आले, १०.१२ वाजता." "भारतातल्या बँकेकडे दिले, १०.१५ वाजता." "खात्यात जमा, १०.१६ वाजता." ज्या टप्प्यावर अजून पोचलेले नाहीत त्याच्यासमोर अंदाजाची वेळ लिहा. वेळ उलटली तर ॲपने स्वतःहून नवी वेळ आणि कारण कळवावं, माणसाने विचारण्याआधी.

भारताचं घड्याळ अमिरातीच्या दीड तास पुढे आहे. रात्री साडेदहाला पाठवलेले पैसे गावी पुढच्या तारखेला जमा होतात, आणि आई पासबुकात कालची तारीख शोधत बसते. पावतीवर भारतीय वेळ आणि तारीख छापा, तसं स्पष्ट लिहा.

पावती म्हणजे व्हॉट्सॲपवर पाठवता येईल असं चित्र: रक्कम, घेणाऱ्याचं नाव, खात्याचे शेवटचे चार आकडे, आणि बँकेचा संदर्भ क्रमांक. आयएमपीएसचा हा क्रमांक १२ आकडी असतो. शाखेतला क्लार्क याच क्रमांकावरून पैसे शोधतो, तुमच्या ॲपचा अंतर्गत क्रमांक त्याच्या काही कामाचा नाही. पूर्ण खातेक्रमांक चित्रावर नको, हे चित्र कुठे कुठे फिरेल सांगता येत नाही.

पैसे परत आले तर कारण माणसाच्या भाषेत आणि पुढचं पाऊल त्याच ठिकाणी हवं. "खातं गोठवलेलं आहे. घरच्यांनी आधार-पॅन घेऊन शाखेत जावं. तोवर दुसऱ्या खात्यात पाठवायचे का?" परताव्यात फीसकट सगळे दिरहम मिळणार की भावातला फरक कापला जाणार, हे भागीदाराशी आधीच ठरवा. पहिला परतावा येईपर्यंत हा प्रश्न कोणी विचारत नाही.

पायरी ८: भाषा, आकडे, अक्षरं

मराठीबरोबर हिंदी, मल्याळम आणि उर्दू लागतील. मजकूर आधी मराठीतच लिहा, इंग्रजीचं भाषांतर करून घेऊ नका. "लाभार्थी जोडा" ऐवजी "कोणाला पाठवायचे?". "व्यवहार आरंभ करा" ऐवजी "पाठवा". "रेट", "फी", "खातं" हे शब्द तसेच चालतात.

फोनची भाषा मराठी ठेवली की अँड्रॉइड संख्या देवनागरी आकड्यांत दाखवू लागतं. रकमेसाठी ते काहींना आवडतं. खातेक्रमांक आणि आयएफएससी मात्र पासबुकावर इंग्रजी आकड्यांत छापलेले असतात, ताडून पाहताना गोंधळ होतो. ओळखीचे सगळे क्रमांक इंग्रजी आकड्यांत पक्के करा, आणि टाइप करताना देवनागरी आकडे आले तर ते स्वीकारून बदला. रुपयांत स्वल्पविराम लाखाप्रमाणे हवेत: १,२५,०००. दिरहममध्ये १२५,००० अशी सवय असते.

देवनागरीत वर मात्रा, खाली उकार. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ठेवा, नाहीतर "र्थी" चा वरचा भाग कापला जातो. मजकूर १६ एसपीच्या खाली नको, बटण निदान ४८ बाय ४८ डीपी (एसपी आणि डीपी ही अँड्रॉइडची मापं). फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं केल्यावरही रक्कम आणि बटण एकमेकांवर चढता कामा नये.

पायरी ९: कागदावर चाचणी, मग फोनवर

पाच माणसं पुरतात, पण ती तुमच्या ऑफिसातली नकोत. सुट्टीच्या दिवशी, त्यांच्या जागी, त्यांच्याच फोनवर. चार कामं द्या:

1. बायकोच्या खात्यात बरोबर ३०,००० रुपये पोचतील असं करा.
2. व्हॉट्सॲपवर आलेल्या या पासबुकाचं खातं जोडा. (फोटो तिरका आणि बँक विलीन झालेली असू द्या.)
3. काल पाठवलेले पैसे कुठे आहेत ते सांगा.
4. हे पैसे रद्द करायचे आहेत, काय कराल?

मदत करू नका. बोट कुठे थबकतं ते लिहा. "समजलं का?" असं विचारलं की प्रत्येक जण "हो" म्हणतो. त्याऐवजी "घरी किती मिळतील?" असं विचारा आणि आकडा ऐका. पाचपैकी दोघांनी चुकीचा आकडा सांगितला तर रकमेची स्क्रीन पुन्हा करा, पुढे जाऊ नका.

पायरी १०: छोट्या गटावर सुरुवात

पहिले शंभर ग्राहक, रोजची मर्यादा कमी, आणि नव्याने जोडलेल्या खात्यावर पहिले २४ तास आणखी कमी. फोनवर धमकावून किंवा बक्षिसाचं आमिष दाखवून पैसे काढणारे नेहमी नवं खातं जोडायला सांगतात, तिथे हा थांबा उपयोगी पडतो. सुरुवात महिन्याच्या मधे करा. १ तारखेच्या पगारी गर्दीत पहिली परीक्षा नको.

रोज सकाळी तीन याद्या पाहा: परत आलेले व्यवहार कारणासह, ठरलेल्या वेळेत न पोचलेले, आणि खातं जोडताना अर्ध्यावर सोडून गेलेले. तिसऱ्या यादीत कोणत्या बँकेपाशी माणसं थांबली ते मोजा. एकाच सहकारी बँकेची नावं पुन्हा पुन्हा येत असतील तर शाखांच्या यादीत तिचं नाव लोक म्हणतात तसं आहे का ते आधी तपासा.